पहिल्या शब्दाच्या आधीचे कौतुक

मराठी घरांत मुलाच्या वाढीचे टप्पे साजरे करण्याची रीत जुनी आहे. बाराव्या दिवशीचे बारसे, सहाव्या-आठव्या महिन्यातले उष्टावण, जावळ, संक्रांतीच्या सुमारास होणारे बोरन्हाण आणि पहिला वाढदिवस हे सारे समारंभ वय आणि तिथी पाहून ठरतात. मूल त्या दिवशी काय करू शकते याच्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. मुलाने हाकेला पहिल्यांदा मान वळवली, आकाशातल्या विमानाकडे बोट दाखवून आईकडे पाहिले, निघालेल्या पाहुण्यांना हात हलवून 'टाटा' केला, या घटनांना मात्र समारंभ नाही, कारण बहुतेक घरांत त्या इतक्या भराभर घडून जातात की नेमकी कोणती कधी घडली हे आई-वडिलांना पुढे आठवतही नाही. ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरी याच घटना उशिरा, सुट्या सुट्या आणि अनेकदा नेहमीचा क्रम सोडून घडतात, आणि म्हणूनच त्या दिसतात. तीन वर्षांच्या मुलाने वडिलांकडे पाहून फुग्याकडे बोट दाखवले म्हणून डोळे पुसणारे आई-वडील शेजाऱ्यांना कदाचित भाबडे वाटतील. परंतु बालविकासाच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांनी जे ओळखले ते खरोखरच मोठे असते.

ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणण्याचा प्रघात आहे, हा संसर्गाने किंवा संगोपनातील चुकीने होणारा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा आहे, आणि त्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानसूचीच्या पाचव्या आवृत्तीत त्याची दोन अंगे सांगितली आहेत: एक, इतरांशी संवाद साधण्यात आणि नाते जोडण्यात येणारी अडचण, आणि दोन, वागण्यातील व आवडीनिवडींतील तोचतोचपणा, ज्यात आवाज, स्पर्श, प्रकाश यांबाबतची फार तीव्र किंवा फार मंद संवेदनाही येते. ही लक्षणे प्रत्येक मुलात वेगवेगळ्या प्रमाणात दिसतात, म्हणून त्याला 'स्पेक्ट्रम', म्हणजे अनेक छटांचा पट्टा, असे म्हणतात. भारतात हा प्रश्न किती घरांचा आहे, याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीतून येतो. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली, आणि त्यात ऑटिझमचे प्रमाण शंभर मुलांमागे साधारण एक असे आढळले. याचा अर्थ मोठ्या प्राथमिक शाळेत अशी काही मुले असणारच, त्यांचे निदान झालेले असो वा नसो.

संवादाचा आरंभ शब्दाने होतो, ही सर्वसाधारण समजूत आहे आणि घरोघर विचारला जाणारा 'बोलायला लागला का?' हा प्रश्न तिच्यातूनच येतो. वस्तुतः शब्दाच्या आधी जवळजवळ वर्षभर मूल संवाद करीत असते. १९७५ मध्ये एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकारी लुइजिया कामायोनी व व्हर्जिनिया व्होल्टेरा यांनी लहान मुलांच्या हावभावांचे जे निरीक्षण मांडले, त्यातून एक महत्त्वाचा भेद पुढे आला. मूल बोट दाखवते तेव्हा त्याचे दोन हेतू असू शकतात. पहिला हेतू मागण्याचा: ते केळे मला द्या. दुसरा हेतू दाखवण्याचा: ते पाहा, मांजर चालले आहे. पहिल्यात मोठ्या माणसाचा उपयोग वस्तू मिळवण्यासाठी होतो. दुसऱ्यात वस्तू हे निमित्त असते आणि मुलाला हवे असते ते समोरच्याचे लक्ष. दोन माणसांनी एकाच गोष्टीकडे पाहणे आणि आपण दोघेही तेच पाहत आहोत याची दोघांनाही जाणीव असणे, याला बालमानसशास्त्रात सामायिक लक्ष म्हणतात. भाषा याच पायावर उभी राहते, कारण आई 'मांजर' म्हणते तेव्हा ती कशाला उद्देशून बोलली हे कळण्यासाठी मुलाला आधी आईची नजर कुठे आहे हे कळावे लागते.

मॅरियन सिगमन, पीटर मंडी, कॉनी कसारी या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की ऑटिझम असलेली मुले मागण्यासाठीचा संवाद पुष्कळदा शिकतात, पण दाखवण्यासाठीचा संवाद त्यांना फार अवघड जातो. म्हणूनच दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट या प्राथमिक चाचणीच्या प्रश्नावलीत मूल किती शब्द बोलते यापेक्षा ते बोट दाखवते का, आवडलेली वस्तू आणून दाखवते का, हाकेला प्रतिसाद देते का, असे प्रश्न आहेत. 'मुलगे उशिराच बोलतात' किंवा 'याचे वडीलही चौथ्या वर्षीच बोलायला लागले' हा आजीचा दिलासा प्रेमातून आलेला असतो, पण तो शब्दांपुरताच असतो. हाकेला ओ न देणे आणि बोट न दाखवणे यांचे उत्तर त्यात नाही. अशा वेळी पहिली पायरी म्हणजे श्रवणचाचणी, आणि त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची भेट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर जी लवकर उपचार केंद्रे उभी राहिली, त्यांचे काम नेमके हेच आहे.

आता एखाद्या मुलाची वाटचाल जवळून पाहावी. बिस्किटांचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर आहे आणि अडीच वर्षांच्या मुलाला बिस्किट हवे आहे. सुरुवातीला ते फडताळाखाली उभे राहून रडते. ते कोणाला सांगत नसते, त्याला फक्त त्रास होत असतो, आणि आईला तो त्रास ओळखून काय ते समजून घ्यावे लागते. काही महिन्यांनी ते आईचे मनगट धरून तिला ओढत नेते आणि तिचा हात डब्याच्या दिशेने वर ढकलते. या वेळी त्याची नजर आईच्या हातावर असते, चेहऱ्यावर नसते. आईचा हात हे जणू त्याचे एक साधन असते. तरीही यात एक पाऊल पुढे पडलेले आहे, कारण डबा आईमुळे मिळतो हे त्याला उमगले आहे. मग एखाद्या दिवशी आई मुद्दाम हात सैल सोडून थांबते, आणि मूल क्षणभर वर पाहते. डब्याकडे, आईच्या डोळ्यांकडे, पुन्हा डब्याकडे. ही नजर अर्ध्या सेकंदाचीही नसेल, पण मूल आता एका माणसाशी बोलत आहे. त्यानंतर उघडा पंजा, मग एक बोट, मग 'बि' असा एखादा ध्वनी असा क्रम लागू शकतो, किंवा लागणारही नाही. बोट न येता थेट चित्र किंवा शब्दही येऊ शकतो. ज्या घराने ती पहिली नजर टिपली, त्या घराला पुढच्या पायऱ्या दिसणे सोपे जाते. ज्या घराचे सारे लक्ष 'बिस्किट' या शब्दाकडे लागले आहे, त्याला मधले काही दिसतच नाही, आणि आपले मूल वर्षभर जिथल्या तिथे आहे असे वाटून आई-वडील खचतात.

न दिसणाऱ्या टप्प्यांपैकी एक तर असा आहे की तो अनेकदा दोष म्हणून मोजला जातो. ऐकलेले शब्द किंवा वाक्ये जशीच्या तशी परत म्हणण्याच्या सवयीला इकोलालिया म्हणतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करणारा जो निबंध लिहिला आणि ज्याने ऑटिझमची ओळख वैद्यकविश्वाला करून दिली, त्यातच या सवयीची नोंद आहे. त्या ११ मुलांपैकी आठ बोलत होती आणि तीन बोलत नव्हती. मराठी घरात ही सवय अशी दिसते: आई रोज 'तुला पाणी हवं का?' असे विचारून पेला पुढे करते, आणि मुलाला तहान लागली की ते आईच्याच सुरात, शेवटचा प्रश्नार्थक हेल काढून, 'तुला पाणी हवं का?' म्हणते. मुलगा असूनही 'मी जाते' म्हणतो, कारण घरात त्याने हे वाक्य आईच्या तोंडून ऐकले आहे. कोणी दारावरची घंटा वाजवली की दूरदर्शनवरच्या एखाद्या जाहिरातीचे वाक्य म्हणतो, कारण पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा ती जाहिरात सुरू होती.

दीर्घकाळ या बोलण्याला निरर्थक पोपटपंची मानून ते बंद पाडण्याचे प्रयत्न होत असत. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि जुडिथ डुकन यांनी अशा मुलांच्या उच्चारांचे बारकाईने विश्लेषण करून दाखवले की त्यांतले बरेचसे हेतुपूर्वक असतात: कधी होकार देण्यासाठी, कधी मागण्यासाठी, कधी संवादात आपली पाळी राखण्यासाठी, तर कधी स्वतःला शांत करण्यासाठी. मुलाने शब्द सुटे सुटे न घेता अख्खे वाक्य एका प्रसंगाशी बांधून उचललेले असते, आणि ते योग्य प्रसंगी वापरणे ही त्याची भाषा असते. तेव्हा 'तुला पाणी हवं का?' या मागणीवर हसणे किंवा 'असं नाही, नीट म्हण' असे दटावणे यापेक्षा पेला भरून देत, मुलाच्या बाजूने, 'मला पाणी हवं' एवढेच म्हणणे अधिक उपयोगी ठरते. मुलाला पाणी मिळते, त्याचा संवाद यशस्वी होतो, आणि बरोबर रूप त्याच्या कानावर पडते.

येथे मूळ विषयाकडे परत येता येते: कौतुक करायचे म्हणजे नेमके काय करायचे? घरात टप्पा गाठला गेला की आनंद उसळून येतो, आणि तो उसळावाच. परंतु त्या आनंदाची नेहमीची रूपे, म्हणजे टाळ्यांचा कडकडाट, सर्वांनी एकदम 'अरे वा!' ओरडणे, उचलून गरगर फिरवणे, मुके घेणे, ही ज्या मुलाला मोठा आवाज आणि अनपेक्षित स्पर्श सहन होत नाही त्याच्यासाठी शिक्षेसारखी असू शकतात. मुलाने 'आई' म्हटले आणि त्याच क्षणी खोलीत गोंगाट झाला, तर मुलाच्या दृष्टीने 'आई' म्हणण्याचा परिणाम गोंगाट हा झाला. त्याहून अधिक हानी करणारी गोष्ट म्हणजे पुनरावृत्तीची मागणी. 'परत म्हण', 'बाबांना म्हणून दाखव', 'आत्याला फोनवर ऐकव' असे म्हणताच संवाद संपतो आणि परीक्षा सुरू होते. मुलाने काही सांगितले होते. त्याचे उत्तर मिळण्याऐवजी त्याला तेच पुन्हा सांगायला सांगितले गेले. बोलणे कसे चालते याचा हा अगदी उलटा धडा आहे.

लहान मुलाच्या संवादाचे खरे बक्षीस त्या संवादाच्या पोटातच असते. मागितले तर वस्तू मिळावी. दाखवले तर समोरच्याने पाहावे. हाक मारली तर ओ मिळावी. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात विकसित केलेली पेक्स ही चित्र-देवाणघेवाणीची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या पहिल्या पायरीत दोन मोठी माणसे लागतात. एक जण समोर मुलाच्या आवडीची वस्तू घेऊन बसतो, दुसरा मुलाच्या मागे असतो. मूल वस्तूकडे झेपावले की मागचा माणूस न बोलता त्याचा हात चित्राच्या कार्डाकडे वळवतो आणि ते कार्ड समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. कार्ड हातात पडताच समोरचा माणूस वस्तूचे नाव घेऊन ती लगेच देऊन टाकतो. 'काय हवंय?' असे विचारले जात नाही, कारण मुलाने विचारल्यावाचून आपण होऊन संवाद सुरू करावा हाच हेतू असतो. मागच्या माणसाची मदत हळूहळू कमी होत जाते आणि एके दिवशी मूल स्वतः कार्ड उचलून दुसऱ्या खोलीत असलेल्या आईपर्यंत चालत जाते. आईने त्या कार्डावरची वस्तू तत्काळ दिली, हसून त्याच्या पातळीवर वाकली, तर त्यापलीकडे सोहळ्याची गरज उरत नाही. केक, फोटो आणि नातेवाइकांना फोन हे सारे नंतर, मोठ्या माणसांचे मोठ्या माणसांनी, करावे.

आई-वडिलांचा प्रतिसाद एवढा महत्त्वाचा मानला जातो हे वाचून एखाद्या आईच्या मनात जुनी भीती जागी होणे शक्य आहे, म्हणून इतिहासातील एक अन्याय येथे स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यात मातेच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वमग्न होते असे मत प्रचलित होते, आणि ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने ते सर्वदूर पसरवले. मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः अशा मुलाचे वडील असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच ऑटिझमची कारणे जैविक आहेत हे मांडले होते, आणि पुढील संशोधनाने त्यांचाच पक्ष खरा ठरवला. तरीही 'आई नोकरी करते म्हणून', 'मोबाईल दिला म्हणून', 'घरात बोलायला माणसे नाहीत म्हणून' अशा रूपांत तो आरोप आजही मराठी घरांत ऐकू येतो. पालकांनी ऑटिझम घडवलेला नसतो. मुलाचे संकेत अस्पष्ट, क्षणिक आणि अनपेक्षित असल्यामुळे कोणत्याही प्रेमळ माणसाकडून ते निसटतात, आणि ते टिपायला शिकता येते, एवढाच प्रतिसादावरील भराचा अर्थ आहे.

ते कसे शिकता येते याचे उत्तम उदाहरण गोव्यात घडले. इंग्लंडमध्ये मँचेस्टरचे जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांच्या माध्यमातून संवाद वाढवणारी पॅक्ट ही पद्धत तयार केली आणि १५२ मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्या पद्धतीला वाचाउपचारतज्ज्ञ लागत असत, आणि भारतात असे तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर दुर्मिळ आहेत. गोव्यातील संगाथ ही संस्था आणि रावळपिंडीतील संशोधक यांनी मिळून ती पद्धत दक्षिण आशियासाठी बदलून घेतली, तिला पास असे नाव दिले, आणि तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांच्या हाती सोपवली. त्यात कार्यकर्ता आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना थोडे चित्रीकरण करतो आणि नंतर पालकांसोबत बसून ते पाहतो. चित्रीकरण थांबवून, मागे नेऊन, तो विचारतो की या क्षणी मुलाने काय केले. ठोकळ्यावरून उठून मुलाची नजर आईच्या बांगड्यांकडे गेली होती, आणि आई तेव्हा 'हा लाल, हा निळा' असे शिकवण्यात गुंतली होती, हे पडद्यावर तिचे तिलाच दिसते. पुढच्या वेळी ती बोलणे कमी करते, थांबते, मूल जिकडे पाहते तिकडे पाहते आणि त्याच गोष्टीचे नाव घेते. पालकाच्या बोलण्याचा मुलाच्या लक्षाशी जुळलेला हा ताल म्हणजेच या संशोधनातील 'समकालिकता'.

दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर झालेल्या पास पद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात आले. उपचार मिळालेल्या गटात पालकांचा ताल स्पष्टपणे सुधारला आणि मुलांनी आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. परस्पर सामायिक लक्षाचा काळ मात्र वाढला नाही, उलट घटला. त्यामुळे या पद्धतीला रामबाण म्हणणे चुकीचे ठरेल. पण ज्या मुलाकडून प्रत्येक गोष्ट विचारून, ढकलून, करवून घ्यावी लागते असे मानले जाते, ते मूल समोरचा माणूस थांबला तर स्वतः पुढाकार घेऊ शकते, हे दाखवून देणे ही लहान गोष्ट नाही. आई-वडिलांनी काय साजरे करावे याचेही उत्तर त्यातच आहे. विचारल्यावर दिलेल्या दहा उत्तरांपेक्षा न विचारता केलेला एक पुढाकार मोठा.

काही मुले बोलतील, काही उशिरा बोलतील आणि काही कदाचित तोंडाने फारसे बोलणार नाहीत. संशोधकांच्या अंदाजानुसार शालेय वयातही सुमारे ३० टक्के मुलांना फार थोडे शब्द असतात किंवा मुळीच नसतात. दुसऱ्या बाजूला, चौथ्या वर्षी भाषा फार मागे असलेल्या ५३५ मुलांचा एक अमेरिकन अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात आठव्या वर्षापर्यंत किंवा त्यानंतर सुमारे ७० टक्के मुले शब्दसमूहांत बोलू लागल्याचे, तर ४७ टक्के ओघवते बोलू लागल्याचे आढळले. पाचव्या वर्षापर्यंत बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे घरोघर ऐकू येणारे भाकीत या आकड्यांसमोर टिकत नाही. वाटचाल सरळ नसते हेही पालकांना आधीच माहीत असलेले बरे. सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मुलांच्या बाबतीत दुसऱ्या वर्षाच्या आसपास आलेले शब्द मावळतात, आणि नंतरही आजारपण, घरबदल, शाळाबदल यांनी मूल काही काळ गप्प होऊ शकते. अशा वेळी तारीखवार ठेवलेली साधी वही फार कामाची ठरते. 'आज न विचारता झोपाळ्याकडे पाहून माझ्याकडे पाहिले' अशी एका ओळीची नोंद वाचाउपचारतज्ज्ञाला कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक सांगते, आणि सहा महिन्यांनी मागची पाने उलटणाऱ्या आईला चुलत भावंडांशी तुलना करण्याऐवजी मुलाची त्याच्याच कालच्या रूपाशी तुलना करता येते.

बोलण्याला पर्याय असलेल्या साधनांबद्दल एक भीती फार खोलवर आहे: चित्रे किंवा टॅबलेट हातात दिला की मूल बोलण्याचे कष्ट घेणार नाही. उपलब्ध पुरावा या भीतीच्या विरुद्ध आहे. २००६ मध्ये झालेल्या एका आढाव्यात अशा साधनांमुळे बोलणे कमी झाल्याचे दिसले नाही, अनेक मुलांत ते थोडेफार वाढलेच. आणि २०१४ मध्ये कॉनी कसारी व सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या, फार थोडे बोलणाऱ्या ६१ मुलांवर केलेल्या चाचणीत ज्यांच्या उपचारात आरंभापासून बोलके उपकरण होते त्यांची संवादातील प्रगती अधिक झाली. मुंबईच्या आयआयटीतील डिझाइन विभागात तयार झालेले 'जेलो' आणि चेन्नईच्या अजित नारायणन यांचे 'आवाज' ही भारतातली दोन परिचित उदाहरणे आहेत. 'जेलो'मध्ये मराठीचीही सोय आहे. मुलाने पडद्यावरच्या चित्रावर बोट टेकवले आणि यंत्रातून 'भूक लागली' असा आवाज आला, तर तोही त्या मुलाचाच शब्द आहे, आणि त्याचे कौतुकही तोंडी शब्दाइतकेच व्हायला हवे. जेथे मोठा माणूस मुलाचा हात, कोपर किंवा पाटी धरून अक्षरांकडे नेतो आणि त्यातून मोठमोठी वाक्ये निघतात, तेथे मात्र सावध राहिले पाहिजे. ती वाक्ये धरणाऱ्याची असतात असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे, आणि त्यात मुलाचा स्वतःचा आवाज हरवतो.

भाषा कोणती, हा प्रश्नही मराठी कुटुंबांना वारंवार पडतो. निदान होताच घरातली मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला पुण्या-मुंबईतच नव्हे तर न्यू जर्सी आणि सिंगापूरमधील मराठी पालकांनाही मिळतो. हेतू गोंधळ टाळण्याचा असतो. कॅनडातील हॅम्ब्ली आणि फोम्बॉन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी ऑटिझम असलेली मुले एकाच भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे असल्याचे दिसले नाही, आणि नंतरच्या संशोधनाचाही कल तोच आहे. उलट, ज्या भाषेत आई-वडील सहज हसतात, लाडाने बोबडे बोलतात, अंगाई म्हणतात आणि आजी-आजोबा रोज बोलतात, ती काढून टाकली तर मुलाभोवतीचा संवादच आटतो. इंग्रजीत तोलून-मापून बोलणारी आई मुलाच्या नजरेमागे धावू शकत नाही, कारण तिचे अर्धे लक्ष वाक्यरचनेत अडकलेले असते. चिऊ-काऊ, भूभू, भुर्र, मम्मं हे बाळबोलीतले ध्वनी उच्चारायला सोपे, सुरात बांधलेले आणि एकेका कृतीशी जोडलेले आहेत. वाचाउपचारात आरंभी नेमके असेच ध्वनी शोधले जातात.

नातेवाइकांचा सहभाग हा नाजूक विषय आहे, आणि तो टाळता येत नाही. बोरन्हाणात डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे पडत असताना भोवती वीस मुलांचा गलका असतो; हा प्रकार काही मुलांना असह्य होतो. तो रद्द करण्याऐवजी चार माणसांत, शांतपणे, मुलाच्या हाताने चुरमुरे उधळून घेत करता येतो, आणि अनेक घरे तसे करतात. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे की मुलाला 'माझं नाव काय?' असे विचारू नये, शेजारी बसून ते जे करीत आहे ते करावे आणि वाट पाहावी. काकाने दहा मिनिटे गाडीची चाके फिरवत शेजारी बसण्यात घालवली आणि मुलाने एक गाडी त्याच्याकडे सरकवली, तर काकाला खरा मान मिळाला.

सर्वांत अवघड टप्पा मात्र वेगळाच आहे, आणि तो साजरा करणाऱ्या पालकांची खरी कसोटी पाहतो. तो म्हणजे नकार. जे मूल नको असलेला घास थुंकत होते, ताट भिरकावत होते, केस कापणाऱ्याचा हात चावत होते, ते एके दिवशी मान हलवते, तळहात पुढे करते किंवा फुलीचे कार्ड हातात देते. 'नको' हे सांगण्यासाठी ओरडण्याची, चावण्याची गरज नाही हे त्याला उमगले आहे, आणि आक्रस्ताळेपणा म्हणून ज्याची तक्रार होत होती त्यातला बराच भाग यानंतर ओसरू शकतो, कारण तोही संवादच होता, फक्त त्याला दुसरे रूप नव्हते. परंतु मागितलेले बिस्किट देणे सोपे असते, आणि प्रेमाने भरवलेल्या वरणभाताला मिळालेला शांत नकार मान्य करणे तितके सोपे नसते. औषध, रस्ता ओलांडताना धरलेला हात अशा थोड्या गोष्टींत नकार स्वीकारता येत नाही, आणि तेथे 'तुला नको आहे, कळलं. पण हे करावं लागेल' असे सांगून नकार ऐकला गेल्याची पोच देता येते. इतरत्र मात्र घास खाली ठेवला पाहिजे, त्याच क्षणी, 'नको, बरं' एवढेच म्हणून. पहिल्या काही आठवड्यांत मूल हे नवे साधन प्रत्येक गोष्टीवर चालवून पाहते, आंघोळीला, कपड्यांना, आवडत्या खेळालाही 'नको' म्हणते, आणि पालक थकतात. याच दिवसांत त्याच्या नकारावर काहीच घडले नाही, तर ते पुन्हा चावण्याकडे वळते. आई टप्प्याचे चित्रीकरण करण्यासाठी फोन वर धरते आणि मूल तोच तळहात फोनच्या दिशेने पुढे करते, तेव्हाही नियम बदलत नाही: फोन खाली जातो.